मुलांचं मन, मुलांचा मोबाइल : पैसे कुठे लागतात आणि कुठे लागत नाहीत

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडते : 'मानसिक आरोग्य व सायबर सुरक्षा कार्यक्रम, प्रत्येकी अमुक रुपये, सोमवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे जमा करावेत.' कार्यक्रम कोण घेणार, किती तास, त्यानंतर काय, याबद्दल त्यात एक ओळही नसते. भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडसारख्या गावातला पालक अशा वेळी कात्रीत सापडतो. पैसे दिले नाहीत तर आपल्याच लेकराच्या भल्याला नाही म्हटल्यासारखं वाटतं. दिले तर कशाचे दिले तेच कळत नाही. ज्यांना ही सूचना आलेली आहे किंवा उद्या येईल, त्यांच्यासाठी हा हिशोब मांडतो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. या कामासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्याला फुकट मिळायलाच हव्यात असं कायदा, सरकारी योजना आणि न्यायालय सांगतं. गावातल्या माणसाचा खरा खर्च होतो तो तुमसर-भंडाऱ्याच्या फेऱ्यांवर आणि बुडालेल्या मजुरीवर. बाजारात जे विकायला आहे, त्यातलं फार थोडं खरोखर गरजेचं आहे.

काळजी मात्र खरी आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले होते. चाळीस मुलांच्या वर्गाला हे प्रमाण लावलं तर जवळजवळ तीन मुलं होतात. २०२४च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. आदल्या आठवड्यात ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं वापरली होती. अभ्यासासाठी फोन वापरलेली ५७ टक्के होती. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी आपलं खातं खाजगी कसं करायचं हे ५५ टक्क्यांनाच ठाऊक होतं. म्हणजे जवळपास निम्म्या पोरांचे फोटो, मग ते आंबागडच्या किल्ल्याच्या बुरुजावर काढलेलं रील असो की गायमुखच्या यात्रेतलं, कोणीही पाहू शकेल असे पडलेले असू शकतात.

शाळेत जे आधीच आपलं आहे

आयुष्मान भारत योजनेखाली फेब्रुवारी २०२० मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांनी ठरलेले ११ विषय वर्गात शिकवायचे अशी आखणी आहे. मनाचं आरोग्य हा त्यातला एक विषय, आणि इंटरनेट व समाजमाध्यमांचा सुरक्षित वापर हा दुसरा. व्हॉट्सॲपवरच्या सूचनेत ज्याचे पैसे मागितले, तोच विषय सरकारी अभ्यासक्रमात आधीपासून आहे. म्हणून मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न हा विचारायचा : आपल्या शाळेतले आरोग्यदूत शिक्षक कोण, आणि या वर्षी त्यांनी या दोन विषयांचे तास कधी घेतले?

दुसरा प्रश्न मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा. राज्य सरकारने मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांत या समित्या नेमायला सांगितलं होतं. अनेक ठिकाणी त्या कागदावरच राहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला, तेव्हा सरकारला नवा आदेश काढून सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि याच समित्यांची आठवण शाळांना करून द्यावी लागली. आपल्या शाळेत समितीवर कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते, हे विचारायचा पालकाला पूर्ण हक्क आहे. किल्लीचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याच्याच खिशात किल्ली असेल, तर त्या पेटीत कोणतंही मूल चिठ्ठी टाकणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत वजनाची आहे आणि गावापर्यंत ती अजून पोचलेली दिसत नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणारे निर्देश दिले. प्रकरण होतं विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा वा त्याची सेवा घ्यावी. पटसंख्या कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी पक्की जोडणी ठेवावी. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून दोनदा व्हावं. मदतवाहिनीचे नंबर वर्गात, वसतिगृहात, सर्वांना दिसतील असे मोठ्या अक्षरांत लावावेत. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत लाजवू नये. हे शाळांना लागू आहे, वसतिगृहांना आहे आणि कोचिंग क्लासलाही आहे. दहावीनंतर पोराला नागपूरच्या क्लासला पाठवताना सव्वा-दीड लाखाची फी भरणाऱ्या बापाने 'तुमच्याकडे समुपदेशक कोण?' हे पावती फाडण्याआधी विचारावं. नंतर विचारलं की उत्तर द्यायची कोणाला घाई नसते.

आता वर्गणीबद्दल. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांकडून असे पैसे सक्तीने घेता येत नाहीत. शिक्षण हक्क कायदा ते मोफत ठेवतो, आणि त्याच कायद्याचं कलम १७ मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घालतं. खाजगी विनाअनुदानित शाळांसाठी महाराष्ट्राचा २०११चा शुल्क नियमन कायदा आहे. तिथे फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. 'ऐच्छिक' म्हणून पैसे मागितले असतील तर ते खरोखर ऐच्छिक आहेत का, म्हणजे न भरणाऱ्या मुलाला त्या तासाला बाहेर बसवणार का, हे लेखी विचारा.

शाळेने पॅकेज घ्यायचंच म्हटलं तर

कधीकधी शाळेला मनापासून काहीतरी करायचं असतं आणि समोर एखादी कंपनी किंवा संस्था येते : एक व्याख्यान, एक ॲप, मुलांची 'मानसिक चाचणी', शेवटी प्रमाणपत्र. इथे थोडा हिशोब करून पाहू. समजा शाळेत १५० मुलं आहेत आणि दर आहे मुलामागे ३०० रुपये. झाले ४५ हजार. समग्र शिक्षा योजनेत १०० ते २५० पटाच्या सरकारी शाळेला वर्षभराचं संयुक्त अनुदान मिळतं ५० हजार रुपये, आणि त्यातून वीजबिलापासून खडूपर्यंत सगळं भागवायचं असतं. आता हेच ४५ हजार दुसऱ्या रीतीने वापरून बघा. तुमसर किंवा भंडाऱ्याहून एखादी प्रशिक्षित समुपदेशक अर्ध्या दिवसासाठी येणार असेल आणि तिला प्रवासासह दीड हजार दिले, तर त्या पैशात तीस भेटी होतात. शाळेचं वर्ष चालतं तोवर जवळपास दर आठवड्याला एक. एका दिवसाच्या व्याख्यानापेक्षा दर गुरुवारी येणारी ताई मुलांच्या कितीतरी उपयोगाची, कारण मूल पहिल्या भेटीत काही सांगत नाही. ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलू लागतं, तेही मधल्या सुट्टीत, डबा खाताना.

हा हिशोब फक्त गरीब गावाचा नाही. अमेरिकेत हजारो मुलांच्या शाळेच्या खात्यांवर चोवीस तास नजर ठेवणारी 'गॅगल' नावाची प्रणाली अनेक शाळा विकत घेतात. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हर इथल्या शाळांनी तीन वर्षांसाठी तिला ३ लाख २८ हजार डॉलर दिले, म्हणजे साधारण एका जादा समुपदेशकाला लागले असते तेवढे. मार्च २०२५ मध्ये असोसिएटेड प्रेस आणि सिॲटल टाइम्स यांनी बातमी दिली की पत्रकारांनी माहिती मागितल्यावर त्या शाळांकडून मुलांचे सुमारे ३,५०० खाजगी कागद नावं न झाकताच बाहेर गेले. त्यांत नैराश्याबद्दल लिहिलेलं होतं, घरच्या भांडणांबद्दल होतं, प्रेमभंगाबद्दल होतं. मुलांना सुरक्षित ठेवायला जी माहिती गोळा केली, तीच उघड्यावर पडली.

म्हणून आपल्या शाळेत 'मानसिक चाचणी'चा फॉर्म आला की थांबा. 'तुला कधी जगू नये असं वाटतं का?', 'घरी मारतात का?' असे प्रश्न त्यात असू शकतात. ती उत्तरं कोण वाचणार, कुठे साठवणार, किती दिवसांनी पुसणार? आणि एखाद्या मुलाने 'हो' लिहिलं तर त्याच दिवशी त्याच्याशी कोण बोलणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर चाचणी घेऊच नये. मुलाने हात पुढे करावा आणि कोणी धरू नये, असं त्याच्याशी करण्यात अर्थ नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची खातरजमा करता येईल अशी संमती घ्यायला सांगितलं आहे, मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे आणि मुलांबाबतची कर्तव्यं मोडल्यास २०० कोटींपर्यंत दंड ठेवला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि शिक्षणाच्या व मुलांच्या सुरक्षिततेच्या कामासाठी शाळांना काही सवलती आहेत. तरी संमतीपत्रावर 'मी सर्व अटी मान्य करतो' एवढंच असेल तर सही करू नका. 'फक्त समुपदेशनासाठी, त्रयस्थाला देऊ नये' असं हाताने लिहून मग सही करा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

मूल गप्प झालं, जेवेना, झोपेना : तेव्हा कुठे जायचं, काय लागेल

पहिली पायरी फोनची आहे आणि ती फुकट आहे. टेली-मानस, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकार ती चालवतं, रात्रंदिवस, मराठीतही. भाषा निवडली की प्रशिक्षित माणूस बोलतो आणि गरज वाटली तर पुढच्या तज्ज्ञाकडे जोडून देतो. पालकाने स्वतः फोन केला तरी चालतो. 'पोरगं असं वागतंय, मी काय बोलू?' एवढं विचारायलाही तो नंबर आहे. परीक्षेच्या ताणासाठी शिक्षण मंत्रालयाची 'मनोदर्पण' वाहिनी आहे, ८४४८४४०६३२, सकाळी आठ ते रात्री आठ.

दुसरी पायरी गावाजवळची. आरोग्य उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून 'ई-संजीवनी'वर डॉक्टरांशी बोलणं करून घेता येतं, त्याला पैसे नाहीत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यांत वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी 'मैत्री क्लिनिक' ही वेगळी सोय ठेवलेली असते. आशाताईंना विचारलं तर तिचा दिवस आणि वेळ कळते.

तिसरी पायरी तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय, चौथी भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, जिथून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयही याच विभागाचं. 'मनोरुग्णालय' या पाटीला घाबरू नका; तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी घरी परतणारी माणसंच अधिक असतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मात्र केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे थोडे पैसे लागू शकतात.

फुकट म्हटलं तरी बाप सोबत गेला तर त्याची दिवसाची मजुरी जाते. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर धरला तर ३१२ रुपये. रोवणीच्या दिवसांत त्याहून जास्त. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे माय आणि मुलगी गेल्या तर प्रवास अर्ध्यात होतो. आंबागडहून तुमसर बारा-तेरा किलोमीटर. भंडारा म्हणजे पूर्ण दिवस. म्हणून जायच्या आधी फोन करून मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते नक्की विचारा. एक हुकलेली फेरी म्हणजे चार-पाचशे रुपये, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाचा विश्वास. 'यायचं तर आलो, पण डॉक्टरच नाही' असं एकदा झालं की पुढच्या वेळी ते निघत नाही. पुढच्या भेटी शक्य तितक्या फोनवर होतील का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

खाजगीत जायचं असेल तर नागपुरात मानसोपचार तज्ज्ञाच्या भेटीला साधारण पाचशे ते दीड हजार लागतात, मानसशास्त्रज्ञाच्या तासाभराच्या बैठकीलाही त्याच आसपास, नाव मोठं असेल तर जास्त. एका बैठकीत काम होत नाही. सहा ते आठ धरून चाला, म्हणजे बैठकीला हजार धरले तर प्रवास वगळून सहा-आठ हजारांची तयारी. आधी विचारा : फी किती, बैठक किती मिनिटांची, अंदाजे किती बैठका, आणि परवडलं नाही तर सवलत आहे का. अनेक जण सवलत देतात, पण कोणी विचारतच नाही.

माणूस पारखून घ्या. गोळ्या लिहून देऊ शकतो तो मानसोपचार तज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेला डॉक्टर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नंबर विचारून ती तपासता येते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आठ दिवसांचा कोर्स केलेलाही लावतो. शिक्षण काय, कुठून, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. 'चार दिवसांत मोबाइलचं व्यसन सोडवतो' म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्याकडे जाऊ नका, आणि अशा ठिकाणी पैसे अडकलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ आहे. घरी आरोग्य विमा असेल तर तोही काढून बघा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार शारीरिक आजाराला असतो तसाच विमा मानसिक आजारालाही द्यावा लागतो.

शंभर-दोनशे रुपयांचं कुलूप

या सगळ्या यादीत मला सर्वांत मोलाचा वाटणारा खर्च कोणत्याही कार्यक्रमात नसतो. आपला भाग धानाचा. खरिपात घराघरात कीटकनाशकाच्या आणि तणनाशकाच्या बाटल्या असतात. कधी पडवीत, कधी धान्याच्या कोठीमागे, कधी स्वयंपाकघराच्या खिडकीत. मनाने खचलेल्या मुलाचा तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोडा वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी विष नसेल तर जीव वाचतो, आणि वाचलेली बहुतेक मुलं पुढे जगतात. पत्र्याची जुनी पेटी, तिला कुलूप, किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. रिकाम्या बाटल्याही त्यातच. हंगामापुरतं लागेल तेवढंच आणावं, उरलं की साठवू नये. दहावी-बारावीचे निकाल लागायच्या आधी हे काम झालेलं असावं.

मूल 'मी नसलेलंच बरं' असं म्हणालं, हसत म्हणालं तरी, ते थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा : जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, बोलायला वाट मिळते. त्या दिवशी त्याला एकटं ठेवू नका, १४४१६ लावा, आणि काही घेतलंच असेल तर १०८ची रुग्णवाहिका बोलवा, तीही फुकट. पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करणारी घरं आहेत. त्यांनी हे ऐकावं : त्याच २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानतं, तिच्यावर खटला भरून शिक्षा करता येत नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवतं.

मोबाइलचा खर्च

मुलावर लक्ष ठेवणारी विकतची ॲप वर्षाला दोन-चार हजारांची असतात. बहुतेक घरांना त्यांची गरज नाही. गूगलचं 'फॅमिली लिंक' फुकट आहे : किती वेळ, कोणतं ॲप, रात्री किती वाजता बंद, हे पालकाच्या फोनवरून ठरतं. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. ती मुळातच खाजगी असतात आणि सोळाखालच्यांना पालकाच्या परवानगीशिवाय बंधनं सैल करता येत नाहीत. अट एकच, मुलाने खरं वय टाकलेलं हवं. व्हॉट्सॲपच्या 'प्रायव्हसी'त 'ग्रुप्स'मध्ये जाऊन 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडलं की अनोळखी माणूस मुलाला ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. हे सगळं मुलाच्या शेजारी बसून करावं, त्याच्या पाठीमागे नव्हे. चोरून लावलेलं ॲप सापडलं की मूल दुसरा फोन शोधतं, आणि खरं संकट आल्यावर आपल्याला सांगत नाही.

पाचवी-सहावीच्या मुलाला फक्त शाळेतून फोन करता यावा एवढीच गरज असेल, तर हजार-दीड हजाराचा बटनांचा फोन पुरतो. स्मार्टफोनचा अठ्ठावीस दिवसांचा तीनेकशे रुपयांचा रिचार्ज धरला तरी वर्षाला चार हजारांच्या आसपास जातात. त्यापेक्षा घरात एकच स्मार्टफोन, सगळ्यांनी वापरायचा, हा जुना रिवाज स्वस्तही आहे आणि सुरक्षितही. सिमकार्ड अठराखालच्याच्या नावावर मिळत नाही, म्हणजे ते तुमच्या नावावर असतं आणि त्यावरून काही झालं तर पहिला फोन तुम्हालाच येणार. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी'वर फुकट पाहता येतं.

'पहिले सात दिवस फुकट' म्हणणाऱ्या अभ्यासाच्या ॲपला बापाच्या यूपीआयवरून एकदा मंजुरी दिली की पैसे आपोआप कापले जातात. तुमच्या फोनपे किंवा गूगलपेमध्ये 'ऑटोपे' नावाची जागा आहे. आज उघडून बघा, नको ते तिथेच रद्द करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आणली आहे.

काही घडलंच तर

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३०, जितक्या लवकर तितकं बरं. मुलाचा छळ, धमकी, फोटो पसरवणं असेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर. मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार तिथे नाव न सांगताही करता येते. मुलासाठी १०९८, तातडीला ११२. या कशालाच शुल्क नाही. एफआयआरला पैसे लागत नाहीत आणि तक्रारदाराला तिची प्रत मोफत द्यावी लागते.

धमकावणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, खात्याचं नाव आणि दुवा लिहून ठेवा. मुलाचा नको तो फोटो मात्र 'पुरावा' म्हणून काका-मामाला पाठवू नका. तो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बी खाली गुन्हा ठरू शकतो. अठराखालच्यांचे असे फोटो समाजमाध्यमांवरून हटवायला 'टेक इट डाऊन' ही फुकट आंतरराष्ट्रीय सेवा आहे. त्यात फोटो अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होऊन तेवढाच पुढे जातो.

लैंगिक गुन्हा असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने तो ठाऊक असलेल्या प्रत्येकावर कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, शाळेवरही. 'शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू' असं सांगणारा स्वतः गुन्ह्यात येतो. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाचं नाव कुठे छापता येत नाही. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही, नंबर १५१००. राज्याच्या 'मनोधैर्य' योजनेतून अर्थसाहाय्यही मागता येतं.

गावाने मिळून करायचं

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना. खर्च एका भोंग्याचा. आपल्या विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रामसभेत ठराव करून अठराखालच्यांना मोबाइल वापरायला बंदी घातली. मला पहिला मार्ग पटतो. बंदी मुलांना एकटं पाडते. भोंगा बापालाही फोन खाली ठेवायला लावतो.

आंबागडला हे जमू शकतं, आणि पैसेही आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्चायचे असतात. समुपदेशकाच्या महिन्यातल्या दोन भेटी, शाळेच्या भिंतीवर रंगवलेले नंबर, यासाठी ते मागता येतात. सरपंचांच्या अध्यक्षतेखालची ग्राम बाल संरक्षण समिती हा विषय घेऊ शकते. शाळेत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तिथेही तो मांडता येतो. अर्ज साधा लिहावा : आरोग्यदूत शिक्षकांची नावं, सखी सावित्री समितीच्या बैठकीची तारीख, समुपदेशकाची सोय, आणि १४४१६, १०९८, १९३० हे तीन नंबर दर्शनी भिंतीवर. दोन प्रती कराव्यात, एक शाळेत, दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर तीच प्रत तुमसरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे.